तबल्याची नोंद एक की दोन? वाद्यसंग्रहालयाची सूची ओपन सोर्स प्रणालीवर नेताना

आमच्या संग्रहालयातली वाद्यं, ध्वनिमुद्रिका, बंदिशींच्या हस्तलिखित वह्या आणि कलाकारांचे फोटो यांची सूची आता कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस या ओपन सोर्स (म्हणजे मूळ संहिता खुली असलेल्या, फुकट मिळणाऱ्या) प्रणालीवर आहे. सगळी नाही, पण विसंबता येईल इतकी. कामाला लागण्यापूर्वी मी बरंच शोधलं होतं. सॉफ्टवेअर कसं बसवायचं याची माहिती पुष्कळ मिळाली. जुन्या रजिस्टरचं काय करायचं, समितीपुढे काय मांडायचं, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) हरवलेली सारंगी कशी नोंदवायची, याबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. मी मूळची ग्रंथपाल. संगणकाची भीती नाही, पण प्रोग्रामिंग येत नाही.

जूनमध्ये सुरुवात केली तेव्हा माहिती तीन ठिकाणी होती. एक म्हणजे दाखल नोंदवही, हाताने लिहिलेली, आलेली प्रत्येक वस्तू तारखेनिशी. दुसरी कार्डांची पेटी, कुणीतरी उत्साहाने सुरू करून मध्येच सोडलेली. तिसरी एक्सेल फाइल. तिच्या अनेक आवृत्त्या निरनिराळ्या संगणकांवर होत्या आणि बहुतेकींच्या नावात 'फायनल' होतं. यातली खरी कोणती यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. दाखल नोंदवहीवर सह्या आहेत, त्यामुळे तीच खरी. कार्डं आणि एक्सेल यांच्यात जास्त माहिती असेल तर ती घ्या, पण ती कुठून घेतली हे नोंदीत लिहा. आम्ही त्यासाठी 'माहितीचा स्रोत' असं वेगळं फील्डच केलं. सुरुवातीला ते उगाच वाटलं होतं. पुढे दोन ठिकाणी दोन वेगळी वर्षं निघू लागली तेव्हा सगळ्यात उपयोगी तेच पडलं.

परवानगीत पावसाळा गेला. समितीचा पहिला आक्षेप होता, 'फुकट आहे म्हणजे टिकणार नाही.' दुसरा जास्त अडचणीचा होता: खरेदीच्या नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं हवीत. ज्या वस्तूला विक्रेताच नाही तिची दरपत्रकं आणायची कुठून? फाइल शेरा मारून परत आली. वैताग आला होता. शेवटी हिशेब विभागातल्या एका अनुभवी बाईंनी वाट दाखवली. 'सॉफ्टवेअर खरेदी' असं लिहूच नका, म्हणाल्या. सर्व्हर भाड्याने घेणं, बॅकअपची साधनं, बसवणी आणि प्रशिक्षण ही सेवा झाली, दरपत्रकं तिची मागवा. परवान्याच्या रकान्यात 'जीपीएल, शुल्क नाही' असं (जीपीएल म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) लिहून परवान्याची छापील प्रत जोडा. तसं केल्यावर फाइल हलली.

'टिकणार नाही' याला उत्तर म्हणून मी एक पान लिहिलं आणि त्याला 'बाहेर पडण्याची योजना' असं नाव दिलं. उद्या ही प्रणाली सोडायची वेळ आली तर माहिती कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येईल (सीएसव्ही, एक्सएमएल), डेटाबेस कोणता (मायएसक्यूएल, जो उघडू शकणारी माणसं कुठेही मिळतात), फोटोंच्या मूळ फाइली कुठे राहतील, एवढंच त्यात होतं. विकतच्या प्रणालीची कंपनी बंद पडली तर हेच प्रश्न कसे सुटतील, तेही त्याच पानावर विचारलं. समितीत सगळ्यात जास्त चर्चा या पानावर झाली. तुम्ही प्रस्ताव करत असाल तर हे पान आधी लिहा, वैशिष्ट्यांची यादी नंतर.

खर्चाबद्दल थोडं. परवाना फुकट असला तरी काम फुकट होत नाही. सगळ्यात मोठा खर्च माणसांच्या वेळेचा. त्याखालोखाल साठवणुकीचा, कारण टिफ स्वरूपातले फोटो जागा खातात. मग फोटोसाठी दिवे, तिवई आणि रंगपट्टी. सर्व्हरचं भाडं या सगळ्यांच्या मागे. अंदाजपत्रकात सर्व्हर पहिल्या ओळीवर लिहिण्याची सवय असते. तो खाली टाका, म्हणजे माणसं मागता येतात.

निवडीवर फार लिहीत नाही. ग्रंथालयात कोहा ही पुस्तकसूचीची प्रणाली आहे, त्यातच वाद्यंही टाका, असं एक मत होतं. मलाही ते सोयीचं पडलं असतं. पण कोहा पुस्तकांसाठी घडलेलं आहे. पुस्तकाच्या प्रती असतात. वाद्याला सुटे भाग असतात, डागडुजीचा इतिहास असतो, ते उसनं जातं, परत येतं, कपाट बदलतं. ओमेका ही दुसरी प्रणाली प्रदर्शनाला छान, पण कोठीतल्या हालचाली सांभाळायला अपुरं वाटलं. कलेक्शनस्पेस ही तिसरी भक्कम आहे, पण आमच्या मनुष्यबळाला जड गेलं असतं. कलेक्टिव्हअ‍ॅक्सेसचे दोन भाग आहेत: प्रॉव्हिडन्स म्हणजे आत काम करण्याची बाजू आणि पॉटकेट म्हणजे लोकांना दिसणारी. पहिलं एकटंही चालतं. आम्ही तसंच सुरू केलं.

ऑक्टोबरमध्ये मंजुरी आली आणि मी सॉफ्टवेअर बाजूला ठेवून कोठीत गेले. कारण ब्रिटनच्या कलेक्शन्स ट्रस्टचं 'स्पेक्ट्रम' नावाचं मानक. संग्रहालयांनी वस्तू कशा सांभाळाव्यात याच्या कार्यपद्धती त्यात आहेत, त्यातल्या नऊ प्राथमिक. त्यात मोजदाद वेगळी आणि सूचीकरण वेगळं धरलं आहे, आणि मला सगळ्यात जास्त धीर याच गोष्टीने दिला. मोजदादीत क्रमांक, नाव, नग किती, ओळख पटेल एवढं वर्णन किंवा एक फोटो, आत्ता कुठे आहे, मालकी कुणाची, नोंद कुणी कधी केली, एवढं पुरतं. घराणं, कारागीर, लाकडाची जात हे सगळं पुढे. हा फरक कळला नसता तर आम्ही पहिल्याच कपाटातल्या पहिल्या सतारीवर निबंध लिहीत बसलो असतो.

पडताळणी दोघांनी मिळून करायची. एकाने नोंदवही वाचायची, दुसऱ्याने वस्तू बघायची, आणि जागा अधूनमधून बदलायच्या, कारण बघणाऱ्याचे डोळे लवकर थकतात. शेरे तीनच ठेवले: मिळालं, मिळालं नाही, आणि मिळालं पण क्रमांक नाही. 'हरवलं' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला नाही. 'मिळालं नाही' या यादीतल्या काही वस्तू पुढे दुरुस्तीच्या कपाटात, काही चुकीच्या खोक्यात निघाल्या. ही यादी कुणाच्या हाती आधी जाणार हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्या. हा विषय नाजूक असतो. यादी चहाच्या टेबलावर पोचली की काम थांबतं आणि चौकशी सुरू होते.

क्रमांकाच्या चिठ्ठ्यांबाबत: जुन्या चिठ्ठ्या चिकटपट्टीने आणि रबरबँडने लावलेल्या होत्या. रबर वितळून लाकडाला चिकटतं आणि डाग पडतो. आता सुती पट्टीवर पेन्सिलने क्रमांक लिहून ती खुंटीपेटीला (खुंट्या बसवलेल्या भागाला) सैल बांधतो. तारेला कधीच नाही. जुन्या कातड्याच्या किंवा पिसांच्या वस्तू हाताळताना हातमोजे घाला. पूर्वी कीड लागू नये म्हणून संग्रहालयांमध्ये आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं वापरली जात, आणि त्यांचा अंश वस्तूवर राहतो. 'हाताळणीची खबरदारी' हे फील्ड नोंद उघडल्याबरोबर दिसेल असं सगळ्यात वर ठेवलं आहे.

मग तो प्रश्न आला ज्यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. तबल्याची नोंद एक की दोन? दायाँ आणि बायाँ मिळून तबला, म्हणून एक, असं वादक म्हणणार. पण आमच्याकडे काही जोड्यांमधला दायाँ एका देणगीतला आणि बायाँ दुसऱ्याच देणगीतला होता. व्हायोलिन आणि गज? गज दुसऱ्या कारागिराचा, दुसऱ्या काळातला असू शकतो. हार्मोनियमचं खोकं? खोक्यावर दौऱ्याच्या चिठ्ठ्या असतील तर ते स्वतःच एक दस्तऐवज आहे. शेवटी नियम असा केला: एकत्र दाखल झालेल्या गोष्टींना एकच मूळ क्रमांक आणि भागांना पुढे अक्षर. वेगवेगळ्या दाखल झालेल्यांना वेगळे क्रमांक, आणि दोन्ही नोंदींत 'जोडीने वापर' असा संबंध. प्रॉव्हिडन्समध्ये वस्तूखाली वस्तू अशी उतरंड करता येते आणि नोंदींमधल्या संबंधांना आपली नावं देता येतात, म्हणून हे जमलं. प्रणालीने एकच रकाना दिला असता तर वाद्याला प्रणालीप्रमाणे वागावं लागलं असतं. ओपन सोर्सचा मला झालेला खरा फायदा हा. तो फुकटपणात नव्हता.

हा नियम एका पानावर लिहून तारीख घालून टांगला आहे. नवा माणूस आला की आधी ते पान.

डिसेंबरमध्ये बसवणी झाली. लिनक्स, पीएचपी आणि मायएसक्यूएल यांची तोंडओळख असलेला कुणीतरी सोबत हवा. ते काम लवकर आटोपतं. मात्र बसवताना प्रणाली 'प्रोफाइल' निवडायला सांगते. कोणती फील्ड असतील, कोणत्या याद्या असतील, हे त्याने ठरतं. डब्लिन कोअर या वस्तूवर्णनाच्या मानकासारखी तयार प्रोफाइल मिळतात. आम्ही दोन बसवण्या केल्या, एक खेळायची आणि एक खरी. खेळायच्या बसवणीत वाटेल ते मोडा, पुन्हा बसवा. खरीत पहिली नोंद गेल्यानंतर फील्ड वाढवायची ती आतल्या रचनेच्या पानांवरून. आणखी दोन गोष्टी: पीएचपीची फाइल अपलोडची मर्यादा मुळात लहान असते, ती वाढवल्याशिवाय टिफ आत जात नाहीत. आणि डेटाबेस सुरुवातीपासून यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिपी साठवणारी अक्षरसंहिता) मध्ये ठेवा.

वर्गीकरणात मी सर्वाधिक रमले, म्हणून इथे जरा थांबते. वाद्यांसाठी जगभर हॉर्नबोस्टेल-झाक्स पद्धत चालते. एरिख फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी ती १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा सांगाडा त्याआधीचा, ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे पहिले अभिरक्षक व्हिक्टर-शार्ल माइयों यांच्या सूचीतला. १८७६ मध्ये बंगालचे संगीत-अभ्यासक शौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमच्या राजांना सुमारे शंभर भारतीय वाद्यं भेट दिली, आणि पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या या संग्रहालयाच्या मूळ साठ्यात ती गेली. माइयोंचे चार वर्ग नाट्यशास्त्रातल्या तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चार वर्गांशी जुळतात. तेव्हा ही पद्धत परकी म्हणून नाकारणाऱ्यांना एवढी गोष्ट सांगितली की पुरते. विजेवरच्या वाद्यांचा पाचवा वर्ग नंतर आला. मिमो या संग्रहालयांच्या संयुक्त प्रकल्पाने २०११ मध्ये केलेली सुधारित आवृत्ती मोफत उपलब्ध आहे. आम्ही तीच प्रणालीत श्रेणीबद्ध यादी म्हणून भरली.

तिच्यात प्रत्येक प्रकाराला अंकी क्रमांक असतो; व्हायोलिन ३२१.३२२-७१ वर येतं. शेवटचे ७१ म्हणजे गजाने वाजणारं. हार्मोनियम ४१२.१३२ वर, मुक्त पत्त्यांच्या (रीडच्या) संचात. खरी गंमत वीणांची. सरस्वती वीणा ल्यूटच्या कुळात बसते, कारण तिला पेटी आणि दांडा आहे. रुद्रवीणेच्या तारा दंडावरच ताणलेल्या असतात, भोपळे फक्त नाद वाढवतात, म्हणून ती झिथरच्या कुळात जाते. दोन्ही नोंदींत नाव 'वीणा' आणि क्रमांक एकमेकांपासून लांब. म्हणून नावासाठी दोन फील्ड ठेवा: लोक म्हणतात ते नाव, आणि नियंत्रित यादीतलं नाव. दात्याने 'वीणा' लिहून दिलं असेल तर ते पुसायचं नाही. अंकाच्या शेवटच्या टोकापर्यंत जाण्याचा हट्टही धरू नका. आत उघडून बघता येत नसेल तर वरच्या पायरीवर थांबलेलं चालतं.

साहित्याचं फील्ड मोकळं ठेवू नका, यादीतूनच निवडू द्या. हा आग्रह शास्त्रीय नाही, कागदोपत्री आहे. वाद्य परदेशी प्रदर्शनाला पाठवायचं झालं तर हस्तिदंत, कासवाची पाठ, ठरावीक जातींचं लाकूड यांसाठी सायटिस कराराचे (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) कागद लागतात. शिसवी लाकडाचा अख्खा डाल्बर्जिया वंश २०१७ मध्ये करारात आला, आणि तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र ही सूट नाही. 'काळं लाकूड', 'पांढरी घोडी' असं लिहिलेल्या नोंदींवरून यातलं काहीच शोधता येत नाही. ओळख पक्की नसेल तर यादीत 'हाड किंवा हस्तिदंत, तपासलेलं नाही' असा पर्याय ठेवा. तो प्रामाणिक आहे आणि शोधताही येतो.

जानेवारी-फेब्रुवारी एक्सेल धुण्यात गेले. त्यासाठी ओपनरिफाइन हे दुसरं ओपन सोर्स साधन. ते आपल्याच संगणकावर चालतं, माहिती बाहेर जात नाही आणि केलेली प्रत्येक गोष्ट मागे घेता येते. 'तानपुरा', 'तंबोरा', 'तानपूरा ' (शेवटी रिकामी जागा) असे सगळे प्रकार ते शेजारी आणून ठेवतं. एकत्र करायचे की नाही ते आपण ठरवायचं. देवनागरीत एक छुपी अडचण आहे. 'दोऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकच सापडतो. सगळ्या फाइलीत एकच प्रकार करून घ्या. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर असेल तर तो बदलून घेतल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. इथे यंत्रावर भरवसा नको. दाखल क्रमांकात इंग्रजी अंकच ठेवा. क्रमवारीला आणि फाइलींच्या नावांना तेच सोयीचं जातं.

मार्चमध्ये आयात. कलेक्टिव्हअ‍ॅक्सेसला एक नकाशा-तक्ता द्यावा लागतो: आपला कोणता रकाना तिच्या कोणत्या फील्डात जाणार. पहिल्यांदा तो बघून छाती दडपते. पण प्रत्येक ओळीत एकच सूचना असते, हे कळलं की भीती जाते. एकाच रकान्यात अर्धविरामाने तोडून लिहिलेली नावं वेगळी करून त्यांच्या व्यक्ती-नोंदी बनवण्याची सोयही त्यात आहे. महत्त्वाचा पर्याय म्हणजे आधीच असलेल्या नोंदीचं काय करायचं. क्रमांक जुळला तर त्याच नोंदीत मिसळा, असं सांगून ठेवा. म्हणजे फाइल दुरुस्त करून पुन्हा आयात केली तरी जुळ्या नोंदी होत नाहीत. आधी मूठभर ओळी, त्या नीट बघून मग बाकीच्या. आयात रात्रभर चालते. सकाळी त्रुटींची यादी वाचायला बसताना पोटात गोळा येतो, हे सांगून ठेवते.

ध्वनिमुद्रिकांनी वेगळाच पेच टाकला. लाखेच्या तबकडीला दोन बाजू, दोन गाणी, कधी दोन कलाकार. लेबलवरचा क्रमांक वेगळा आणि लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वेगळा. तो ध्वनिमुद्रणाचा. तीच ध्वनिमुद्रणं वेगळ्या लेबलवर पुन्हा निघत, तेव्हा ओळख पटते ती मॅट्रिक्स क्रमांकावरून, म्हणून दोन्ही उतरवा. आम्ही तबकडीला 'वस्तू' केलं, प्रत्येक बाजूच्या गायनाला 'प्रसंग' आणि गायक-वादकांना 'व्यक्ती'. तेच गाणं टेपवरही असेल तर टेप त्याच प्रसंगाला जोडायची. आवाज डिजिटल करण्याचं काम मात्र यात ओढून घेतलं नाही. त्याला ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची फाइल, योग्य सुई आणि भरपूर धीर लागतो. तो वेगळा प्रस्ताव.

फोटोंच्या फाइलींना दाखल क्रमांकाचंच नाव द्या. मग प्रणाली फोल्डर वाचून प्रत्येक फोटो आपापल्या नोंदीला जोडते. समोरून, मागून, बाजूने, खुंटीपेटी, आणि जिथे लेख किंवा लेबल असेल तिथून जवळून. पहिल्या फोटोत मोजपट्टी.

पॉटकेट उघडण्यापूर्वी काय दिसू नये याची यादी केली: दात्यांचे पत्ते, विम्याची किंमत, आणि वस्तू कोणत्या कपाटात आहे ते. प्रत्येक नोंदीला सार्वजनिक आहे की नाही असा शिक्का असतो. आम्ही आयातीच्या वेळीच सगळ्यांना 'नाही' लावलं आणि दोन माणसांनी वाचल्यावर एकेक उघडत गेलो. हे काम संथ आहे, अजून चालू आहे.

जुनी नोंदवही बंद केलेली नाही. नवी वस्तू आधी तिथे, सहीने, मग प्रणालीत. लेखापरीक्षकांच्या सूचनेवरून वर्षअखेरीस प्रणालीतल्या नव्या नोंदी छापून, सह्या करून, बांधून ठेवतो. बॅकअपला डेटाबेस आणि मीडियाचं फोल्डर असे दोन्ही लागतात. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका. तो खेळायच्या बसवणीत उतरवून एखादी नोंद फोटोसकट उघडते का ते पाहा.

सध्या सुट्या भागांची खोकी चालली आहेत: खुंट्या, घोड्या, पडदे, तुटलेले गज. यांना तात्पुरता क्रमांक मिळतो, सुरुवातीला 'टी'. घोड्यांसाठी पायाची रुंदी आणि तारांच्या खाचांमधलं अंतर अशी दोन मापांची फील्ड वाढवली. तीच मापं वाद्यांवरही घेतो, कारण घोडी गेली तरी तबलीवर (पेटीच्या वरच्या बाजूवर) तिच्या पायांची खूण बऱ्याचदा राहते. मापावर शोध लावला की जुळणी करायला चार-पाच उमेदवार समोर येतात. काही घोड्या अशा आपल्या वाद्याला परत मिळाल्या. त्यांचा 'टी' क्रमांक काढून टाकत नाही, 'पूर्वीचा क्रमांक' म्हणून नोंदीत ठेवतो.